मोरवेलीवरची कुऱ्हाड

प्रिय चिमे,

तुझं पत्र मिळालं. आधी मोरवेलीची चौकशी आणि मग खाली, सहज सुचलं म्हणून लिहावं तसं, की रविवारी नवऱ्याकडे परत निघालीस. बॅग ठेव बाजूला आणि आधी हे वाच.

वेल जगलीय. तू लावायला काढलीस तेव्हा मी हसले होते. आपली चिकणमाती ही अशी, पावसात पाय सोडत नाही आणि उन्हात कुदळ घेत नाही. पण तू ऐकशील तर शपथ! रुंद खड्डा खणायला लावलास, गुळगुळीत झालेल्या कडा खरवडून घेतल्यास, नाहीतर पाणी तुंबून मुळं कुजतात म्हणे. पेरूवर चढवायची, पण लावायची बुंध्यापासून दोन हात लांब, कारण झाडाची मुळं तिला उपाशी मारतील. मुळांना गारवा म्हणून वर फरशी, तिथून फांदीपर्यंत तिरकी काठी. हे सगळं खाणाखुणांनी, कारण नवऱ्यानं मोडलेला तुझा जबडा तारांनी बांधलेला होता. तरी मलाच राबवलंस, कार्टे.

गेल्या मंगळवारी दुपारी आमचे जावईबापू आले. कुऱ्हाड घेऊन. तू मावशीकडे आहेस हे त्याला माहीत नव्हतं. कपाटं उलथीपालथी केली, माझी मानगूट धरून डोकं भिंतीवर आपटलं. तू सापडली नाहीस, मग तुझ्या वेलीवर घसरला. मेल्याला वाटलं, ती पेरूच्या बुंध्यातूनच उगवलीय. एकेका घावाला तुझं नाव घेत बुंधा तोडत सुटला. मूळ होतं फरशीखाली, आणि हा गाढव त्याच फरशीवर पाय रोवून उभा! शेवटी कुऱ्हाड लाकडात रुतली. ती उपसताना पाय घसरला आणि चिखलात आपटला. मी फावडं उचललं. त्यानं पुन्हा दांड्याकडे उजवा हात नेला. मी त्या हातावर फावडं घातलं. दोनदा. हाड मोडल्याचं ऐकू आलं आणि मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं.

तुला कळवणार नव्हते. आधीच झोपेत दचकून उठतेस. पण तू लिहितेस, त्याचा फोन आला, दारात सापडून त्याचा हात मोडलाय, प्लास्टर आहे, शर्टाचं बटणसुद्धा लावता येत नाही, बिचाऱ्याचं करणार कोण. चिमे, तो हात दारात नाही सापडला, तो मी मोडलाय. आणि फाटकातून जाताना तो म्हणाला, हात बरा होऊ दे, मग तुझ्या लेकीला दाखवतो. कुऱ्हाड अजून बुंध्यातच आहे. मी रविवारच्या आधीच पोलिसांना घेऊन तिकडे येतेय. तू मावशीच्या घरातून हलू नकोस. त्याची बटणं त्याचा तो लावेल.

तुझीच,
आई