बागेतला किनारा

स्टॅनमोर, २८ जुलै

प्रिय रश्मी,

तू सात वर्षांची असताना ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी आपण दोघी बागेत टेप धरून उभ्या होतो, आठवतं? दर उन्हाळ्यात खचणारा किनारा मोजायला जाणाऱ्या बाबांनी कॅनडाच्या उत्तर टोकावरून सॅटेलाइट फोनवर आकडा कळवला होता. त्यांनी रोवलेली लोखंडी खुंटी समुद्राच्या कड्यापासून अठरा मीटरवर होती. आपलं मागचं दार म्हणजे खुंटी, असं ठरवून तू अठरा मीटर मोजलेस आणि तिथे बांबूची काठी रोवलीस. तो आपला कडा. मग दरवर्षी काठी दाराकडे सरकत आली.

आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर टुंड्राचं पान मिनिटभरात उलटायच्या. झाडं नाहीत, माणसं नाहीत, नेक्स्ट चॅप्टर! लग्नानंतर बाबांकडून कळलं, झाडं आहेत, पण घोट्याएवढी. शंभर वर्षांची विलो शेवाळात आडवी पसरलेली असते, म्हणून ते पाऊल जपून टाकत. उन्हाळ्यात वरची हातभर माती सैल होते, खाली हजारो वर्षं गोठलेली जमीन. पाणी मुरणार कुठे? म्हणून तळीच तळी, तळ्यांवर डास, आणि डासांच्या जिवावर लांबून आलेले पक्षी. आता समुद्रावरचा बर्फ लवकर हटतो, लाटा कड्याच्या पोटात शिरतात आणि खोलीएवढी जमीन गवतासकट खाली बसते.

तेराव्या वर्षी तू काठी फेकून दिलीस. बाबांना त्या चिखलाचीच काळजी, आपली नाही, म्हणालीस. तुझ्या प्रत्येक वाढदिवसाला ते तिथेच असायचे, त्यामुळे तुझं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. काठी नंतर मीच सरकवत राहिले. आता ती दारापासून दोन पावलांवर आहे. फेब्रुवारीत बाबा गेले तेव्हा तू कॉव्हेंट्रीहून येऊन सगळं निभावलंस, पण त्यांच्या खोलीत पाऊल टाकलं नाहीस.

काल फोनवर ओरडलीस, आई, सिक्स्टी-सेव्हन आहेस तू, गुडघे बघ जरा! पाहिले. डॉक्टरांनीही पाहिले. परवा मी बाबांच्या टीमबरोबर कॅनडाला निघतेय. यंदा मोजलं नाही, तर पुढच्या वर्षी खुंटीच नसेल.

पण पत्र त्यासाठी नाही. बॅग भरताना बाबांची डायरी उघडली. दर ऑगस्टच्या पानावर दोन रकाने आहेत. पहिल्यात किनारा, दुसऱ्यात तुझी उंची. फोनवर ते आधी तीच विचारायचे, आणि स्वयंपाकघराच्या दारावरची पेन्सिलची खूण पाहून मी सांगायचे. तेराव्या वर्षापासून तू त्या दाराला पाठ लावली नाहीस. तरी दरवर्षी त्यांनी तो रकाना आखला आणि मोकळा ठेवला. अगदी गेल्या ऑगस्टपर्यंत. हे मला फोनवर बोलता आलं नसतं गं.

तर ऐक. त्यांचं जाड जॅकेट तुझ्या अजयला, कुत्र्याला फिरवताना घालेल. वहीत दाबलेली विलोची डहाळी माझ्या नातीला, दियाला, शाळेत दाखवू दे. टेप मी नेतेय. डायरी आणि काठी तुझी. ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी दियाला घेऊन इथे ये, किल्ली तुझ्याकडे आहेच. चार वाजता मी फोन करीन. किनारा मी सांगेन, तू लिही. आणि दुसऱ्या रकान्यासाठी दियाला बूट काढून स्वयंपाकघराच्या दाराशी उभी कर.

तुझीच,
आई