रुळाचा खिळा

१६ नोव्हेंबर, रविवार संध्याकाळ

कोसंब्याजवळची बंद पडलेली छोटी रेल्वेलाइन बघायला आज संजयबरोबर गेले. रूळ गवतात बुडालेत. जुन्या स्टेशनात राहणाऱ्या मावशींनी "बेन, पाणी पीओ" म्हणत तांब्या पुढे केला. परतताना मातीत रुतलेला रुळाचा गंजका खिळा दिसला. लिहायच्या टेबलावर हवाच वाटला. त्याला बांधलेली दोरी सोडवली, उपटून आणला.

घरी संजय म्हणाला, "डोकं चकचकीत आहे, रोज ठोकतंय कुणीतरी. दोरीच्या दुसऱ्या टोकाला काय होतं, लेखिकाबाई?"

दोरी गवतात गेली होती. मी का नाही बघितलं?

निघालो तेव्हा मावशी "चंपा, ए चंपा" करत बकरीला शोधत रुळांवरून धावत होत्या. हाक गोड वाटली म्हणून मी ती फोनवर टिपून घेतली. आत्ता ऐकली. रडवेली आहे.

खिळा उद्या परत देईन. चंपा कुठून देऊ?