उजव्या बाजूचं यकृत

अण्णा,

काल डॉक्टरीणबाईंनी माझ्या उजव्या बरगडीखाली बोटं दाबून पाहिली आणि यकृत सुजल्यासारखं वाटतंय, तपासण्या करू म्हणाल्या. रिपोर्ट सोमवारी यायचा आहे. तोवर जीव थाऱ्यावर नाही, आणि आजारापेक्षा तुमचीच आठवण जास्त येतेय.

तेव्हा आपण नळदुर्गला होतो, तुम्ही तिथल्या शाळेत मास्तर. निजामाचं राज्य जाऊन शाळा मराठी झाल्या होत्या, आणि तुमचं सगळं शिक्षण उर्दूतलं. पोटातला एकूणएक अवयव तुम्हाला पाठ, पण जिगर, गुर्दा, तिल्ली अशा नावांनी. मी तुमच्याच वर्गात, सातवीत. आई भाकरी थापत असायची आणि तुम्ही चुलीपाशी बसून माझ्याकडून नवी नावं म्हणवून घ्यायचात: यकृत, मूत्रपिंड, प्लीहा. साहेब शाळा तपासायला येणार होते, त्यांच्या शेऱ्यावर तुमची पक्की नेमणूक ठरणार होती. तुमचा हात उर्दू लिहिण्यात मुरलेला, देवनागरी अक्षर अजून वळत नव्हतं, म्हणून शरीराचा तक्ता काढायचं काम माझ्याकडं आलं. माझ्या बरगडीवर बोट ठेवून तुम्ही सांगितलंत, "जिगर उजवीकडं, तिल्ली डावीकडं." मी कागदाच्या उजव्या बाजूला यकृत काढलं. नीट ताडून पाहिलंस ना, असं तुम्ही दोनदा विचारलंत. मी दोन्ही वेळा हो म्हणाले.

तपासणीच्या दिवशी सकाळी आई समोर उभी राहून मला दप्तर देते आहे. तिचा उजवा हात माझ्या डावीकडं येतो. तक्त्यातला माणूसही आपल्याकडंच तोंड करून उभा आहे; त्याचं यकृत कागदाच्या डावीकडं हवं होतं. तुम्ही तक्ता काखेत मारून चपला घालताय. मी हाक मारते. तुम्ही वळता, चेहरा ताप आल्यासारखा उतरलेला. "काय गं? सगळं ठीक आहे ना?"

"हो," मी म्हणाले.

वर्गात साहेब तक्त्यापुढं बराच वेळ उभे राहिले. हा कुणी काढला, असं त्यांनी विचारलं. तुम्ही तक्त्याकडं पाहिलंत, आणि तुम्हाला कळलं हे मला दिसलं. माझ्याकडं मात्र तुम्ही नजरही वळवली नाहीत.

"मीच काढला, साहेब."

यकृत कुठल्या बाजूला असतं हे मास्तरालाच ठाऊक नाही, असं ते पोरांदेखत बोलले. तुम्ही मान खाली घालून ऐकून घेतलंत. नेमणूक लांबली, दिवाळीआधी लांब ईट गावाला बदली झाली. दोन वर्षं तिथं एकटे राहिलात, हातानं स्वयंपाक करून. मला कधी रागावला नाहीत. त्या संध्याकाळी फक्त मला समोर उभं करून म्हणालात, "समोरच्याची उजवी आपल्या डावीकडं येते, बाळ."

मला सकाळीच कळलं होतं, हे तुम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. हे पत्र टाकायला आता पत्ता नाही, म्हणूनच लिहायला धजले. आणखी एक सांगायचं राहिलं. तुम्ही "मीच" म्हणालात ना, तेव्हा मला वाईट वाटायच्या आधी हायसं वाटलं होतं.