उणे चोवीसची संध्याकाळ

प्रिय टिटवे,

पाकीट बघूनच घाबरशील. फोन असताना ही बया कागद का खर्च करतेय, असं वाटेल. एक म्हणजे फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. आणि दुसरं, जे सांगायचंय ते सांगताना मला पलीकडून तुझा श्वाससुद्धा ऐकू यायला नकोय. का ते वाचता वाचता कळेल. आधी एवढं सांगून टाकते की सगळे जिवंत आहेत. आता नीट बसून वाच.

माझं म्हणशील तर गुडघे कुरकुरतात, दात शाबूत आहेत आणि निवृत्तीला एकच हिवाळा उरलाय. शाळेत मी चिडले की पारा चढला म्हणून तू माझं नाव 'पारा' ठेवलंस, आणि पुढे नोकरीही वेधशाळेत पाऱ्याचीच लागली, यावर आमचा शिपाई अजून हसतो. यंदा मात्र जरा वेगळं काम आलं. मुख्य कार्यालयातले एक साहेब गेल्या शंभर वर्षांतले हवामानाचे सगळे विक्रम गोळा करतायत. मी त्यांना मनातल्या मनात आकडेमोडे म्हणते. माणूस गोड आहे. सोयरिकीची चौकशी करावी तशी दव, धुकं, गारा यांची चौकशी करतो. त्यांच्याकडून कळलं की आपल्या गावात पूर्वी वर्षाकाठी दोन महिने दहिवर गोठायचं, आता जेमतेम एक. धुक्याचे दिवस निम्म्यावर आलेत. टेकडीवरच्या वेधशाळेतला आजवरचा नीचांक उणे अकरा. हे सगळं सांगून झाल्यावर त्यांनी सहज विचारलं, "बाई, तुमच्या गावात एक खोलगट जागा आहे ना? तिथं कधी कुणी मोजलंय का?"

कुणीच मोजलं नव्हतं. ती जागा म्हणजे वाटी. तुमच्या घरामागची.

तुला आठवत असेल, डोंगर चढताना झाडं खुरटत जातात आणि वर संपतात. वाटीत सगळं उलटं. उतरावं तशी झाडं खुरटतात आणि तळाला एकही नाही. आपल्याला वाटायचं, झाडं घाबरून काठावर थांबलीत. खरं तर गार हवा जड असते, एवढंच. आभाळ मोकळं असलं आणि वारा पडला की सूर्य मावळताच ती चारी उतारांवरून पाण्यासारखी घरंगळत खाली येते आणि वाटीत साठते. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. पण स्वतः त्यात उतरणं निराळं. आधी घोटे गार पडतात, मग गुडघे, मग कंबर. छातीशी येते तेव्हा आपण आपोआप श्वास धरतो, बुडण्याआधी धरतो तसा. हात वर केला तर बोटांना अजून ऊब लागते. आणि डोकं आत गेलं की एकदम शांत. स्वतःच्या कोटाची सळसळसुद्धा मोठी वाटते.

तिथं तापमापक ठेवायला झडपांची पांढरी पेटी लागते. माळ्यावरची जुनी पेटी काढली. ती काकांनी, म्हणजे तुझ्या बाबांनीच, ऐन उमेदीत केलेली. आता दुरुस्तही त्यांनीच करून दिली. हात थरथरतात आता त्यांचे, पण करवत धरली की थांबतात. पेटी तळाला बसवली आणि रोज सूर्यास्तानंतर मी एकटी खाली जाऊ लागले. आकडा आधी तोंडानं मोठ्यानं म्हणायचा आणि मग लिहायचा, ही माझ्या पहिल्या साहेबांची शिस्त. इतक्या वर्षांत ती अंगात भिनलीय.

पहिल्या संध्याकाळी पेटी उघडली, वाकून पाहिलं आणि म्हटलं, "उणे नऊ." आणि माझ्या कानाशी, अगदी कानाशी, कुणीतरी म्हणालं, "हं."

मी वळले. कुणी नव्हतं. गवत, पेटी आणि वर उजेडाची एक कड. वाटी बोलते, असं म्हणायचे ना आपल्या लहानपणी? मी स्वतःलाच हसले, पण हसू ओठांतच राहिलं. दुसऱ्या दिवशी "उणे बारा" म्हटलं, तर पुन्हा तो आवाज. पुरुषाचा, म्हातारा, शांत. "हं. पुढे?" टिटवे, मी काही भुताखेतांना भिणारी नाही, पण त्या दिवशी चढ कसा चढले ते मला विचारू नकोस. तिसऱ्या दिवशी नुसता आकडा म्हणून पेटी लावत होते, तर म्हणाला, "आज लवकर आटपलंस."

आता सांगायचं कुणाला? निवृत्तीला आलेली बाई हवेतले आवाज ऐकते म्हटल्यावर ऑफिसात काय बोभाटा झाला असता! शेवटी धीर करून आकडेमोड्यांनाच विचारलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "बाई, तुमचे कान ठीक आहेत. खाली गार, वर उबदार, म्हणजे वाटीवर झाकणच. आवाज वर निसटत नाही, वळून परत खाली येतो. काठावर कुणी कुजबुजलं तरी तळाला कानात बोलल्यासारखं वाटेल. तुमचंही तिकडे तसंच पोचत असेल. कोण राहतं तिथं?"

मला हायसं वाटलं. आणि लगेच आठवलं, त्या काठावर घर एकच आहे, तुमचं. "हं. पुढे?" हे तर मी तुमच्याच उंबऱ्यावर बसून ऐकलेलं. तू आणि मी पाढे म्हणायचो आणि काका रंधा मारता मारता मान न उचलता म्हणायचे, "हं. पुढे?"

दुसऱ्या दिवशी दुपारी पेटीच्या बिजागरीचं निमित्त काढून गेले. काकांनी दाढी केली होती. बरा स्वेटर घातला होता. मागच्या पडवीत वाटीकडे तोंड करून खुर्ची मांडली होती. म्हणाले, "बस. तुला म्हणून सांगतो, कुणाला बोलू नकोस. ती येते हल्ली."

"कोण, काका?"

"आमची टिटवी. दिवस मावळला की खालून बोलते. लहानपणी पाढे म्हणायची ना, तसे आकडे म्हणते. एखादाच म्हणते आणि जाते. पण रोज येते."

त्या क्षणी सांगायला हवं होतं की काका, ती मी. पण जीभ रेटेना. गेल्या चार वर्षांत त्यांच्या तोंडून तुझं नाव मी पहिल्यांदा ऐकत होते. तुम्ही दोघं एका हट्टाचे. काकू गेल्या तेव्हा तू पोचली नाहीस आणि काका तुला फोनवर म्हणाले, "ज्याला यायचंय त्याला रस्ता सापडतो." तू फोन ठेवलास तो ठेवलासच. त्या दिवशीचा बर्फ हा आपल्या वेधशाळेतला सर्वांत मोठा, आकडेमोड्यांच्या यादीत पहिला. रस्ता बंद असल्याचं पत्रक मीच काढलं होतं. नंतर काकांना नेऊन दाखवलं, तर म्हणाले, "कागद काय, काहीही बोलतो." तेव्हापासून तुमच्यामध्ये मीच काय ती निरोप्या, तोही बिननिरोपाचा.

घरी येताना मी ठरवलं की आता खाली तोंड उघडायचं नाही. दोन-चार दिवस आवाज आला नाही की आपोआप विसरतील. शहाणपणा म्हण हवं तर. नेमकी तीच संध्याकाळ यंदाची सगळ्यात गार निघाली. आभाळ काचेसारखं, वारा ठार पडलेला. खाली उतरले तर तळाशी धुक्याचा एक पातळ थर साचलेला, माझ्या कमरेएवढा, सायीसारखा सपाट. पेटी उघडली. उणे चोवीस. टेकडीवर त्याच वेळी उणे सहा होते. आकडा ओठांवर आला होता. मी मफलर दातांत धरला.

आवाज आला. "टिटवे?"

मी हलले नाही.

"आज गप्प का गं?" थोडं थांबून, "रुसलीस?" आणि मग अगदी सहज, बाजूच्या खोलीतून बोलल्यासारखं, "थांब तिथंच. मीच येतो."

कडी काढल्याचा आवाज माझ्या कानात झाला. काठी दगडावर टेकल्याचा, सपाता घसटल्याचा, त्यांच्या धापेचा. माणूस दूर काठावर आणि त्याचा एकेक श्वास माझ्या मानेवर. वर पाहिलं तर मावळतीच्या उजेडात काका उतरताना दिसले. आधी पूर्ण, मग धुक्यात पाय गेले, मग कंबर. उतारावरून ते सरळ वाटीच्या कोपऱ्यातल्या त्या खोल डबक्याच्या बाजूला चालले होते, जिथं धुकं गळ्याशी येतं. शेवटी नुसतं एक पांढरं डोकं त्या सायीवरून तरंगत चाललेलं दिसत होतं. त्याला शरीर होतं यावर त्या क्षणी माझाही विश्वास बसेना.

डबक्याच्या तळाशी झरा आहे, म्हणून कितीही थंडीत त्यावरचा बर्फ पापडासारखा असतो, तुला माहितीय. मी ओरडले, "काका, थांबा! मी पारा!" माझाच आवाज चारी बाजूंनी परत आला. ते थबकले, गोंधळले आणि नेमके डबक्याकडेच वळले. 'पारा' त्यांच्या कानात शिरतच नव्हता. ते काही मला शोधायला आले नव्हते. त्या डोक्यानं आणखी एक पाऊल टाकलं आणि खाली बर्फ कुरकुरल्याचं मला स्पष्ट ऐकू आलं.

मग मी काय केलं असेन? डोळे मिटले आणि मोठ्यानं सुरू केलं, "बे एके बे, बे दुणे चार."

कुरकुर थांबली. "हं," माझ्या कानाशी. "पुढे?"

मी पाढे म्हणत राहिले. बेचा झाला, तीनचा, चारचा. दात वाजत होते, तरी एकही चुकू दिला नाही; चुकले असते तर त्यांनी तिथंच थांबून पुन्हा म्हणायला लावलं असतं. प्रत्येक ओळीनंतर त्यांचं "हं" थोडं थोडं जवळ येत गेलं. जवळ आलं तसं ते कानातून निघून समोर आलं, माणसाच्या तोंडातून यावं तसं. मी डोळे उघडले. काका पुढ्यात उभे होते. पायात मोजेसुद्धा नाहीत. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि काही बोलले. ते शेवटी लिहिते.

त्यांना कसं वर आणलं ते माझ्या गुडघ्यांना विचार. डाव्या पायाची दोन बोटं गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेवढ्यावर निभावलं. दवाखान्यातून त्यांना माझ्याकडेच आणलंय. खातात, झोपतात, माझ्या दाराच्या चौकटीला नावं ठेवतात, म्हणजे बरे आहेत. पेटी शिपायानं काढून आणली. उणे चोवीसची अधिकृत नोंद झाली, आकडेमोडे आनंदात आहेत.

एक गोष्ट राहिली. लिहू की नको करत इथवर आले. माझं घर टेकडीच्या पलीकडच्या अंगाला आहे. इथून वाटी दिसत नाही, ऐकू तर मुळीच येत नाही. मी त्या दिवसानंतर खाली गेलेलीच नाही. परवा दिवस मावळताना काका खिडकीशी बसले होते आणि मी मोरीत भांडी घासत होते, तोंड मिटून. काका म्हणाले, "हं." थोड्या वेळानं पुन्हा, "हं. पुढे?" मग हसले. मी ओल्या हातांनी बाहेर आले. विचारलं, "काका, कोण आहे?" म्हणाले, "आज आकडे नव्हते गं. आज नुसतं 'बाबा, ऐकताय ना' एवढंच म्हणाली." आकडेमोड्यांना मी हे सांगितलं. त्यांनी तारीख, वेळ, वारा सगळं विचारून घेतलं. मग ते म्हणाले, "बाई, हे माझ्या खात्यात येत नाही." परवा त्या वेळी तू तिकडे काय करत होतीस, कुणाशी काय बोललीस, हे मला कळवू नकोस. खरंच नको.

मात्र पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही. वाटीच्या तळाशी माझा हात धरून काका म्हणाले ते असं: "हात किती गार पडलाय तुझा. रस्ता बंदच होता. मला त्याच दिवशी ठाऊक होतं गं. मी स्वतः रस्त्याच्या वळणापर्यंत जाऊन बघून आलो होतो, छातीएवढा बर्फ होता. पण तुझी आई गेली होती आणि मला कुणावर तरी रागवायचं होतं." मी त्यांना मी कोण ते सांगितलं नाही. त्यांचे पाय चालायला हवे होते म्हणून म्हटलं, "हो बाबा." तेवढे दोन शब्द मी तुझ्या वतीनं वापरले, पण त्यांचे शब्द माझ्याकडे ठेवून घेता येत नाहीत. ते चुकीच्या पत्त्यावर आलेत. तुझे तुला पाठवतेय. रोज संध्याकाळी ते खिडकीशी बसतात आणि मी मोरीत नळ मोठा सोडून उभी राहते, ऐकू येऊ नये म्हणून. मला हे फार दिवस जमायचं नाही. रस्ता उघडा आहे. पत्रकं मीच काढते, तेव्हा खात्रीनं सांगते, हा आठवडाभर उघडाच राहील. ये.

नळ सोडून उभी असलेली,
तुझीच,
पारा