दोन गिरक्या ही कबुली नसून अंगाई असल्याबाबत

प्रति,
मा. पंचप्रमुख,
पाकोळी वर्ग (दोघांच्या शिडाच्या होड्या) युरोपीय अजिंक्यपद शर्यती,
मुक्काम चोपाक, बालाटोन सरोवर, हंगेरी.

विषय : होडी क्र. ६१ ने घेतलेल्या दोन गिरक्या गुन्ह्याची कबुली न धरता बाळ झोपवण्याचा उपाय धरून अजिंक्यपद परत मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपला रविवारचा तोंडी निर्णय.
२) अजिंक्यपद नियमावली : नियम ७ (होडीतील माणसे), नियम १२ (बाहेरची मदत), नियम १९ (गिरक्या).
३) १९७४ सालच्या कुत्र्याचा निकाल.

महोदय,

आत्ताच वॉशिंग मशीनने टिंग केले आणि घरातली शांतता मोडली. मी श्वास रोखून बसले. सारोल्ता (वय पाच वर्षे) कुशीवर वळली, केवे (वय सात महिने) याने झोपेतच ओठ चोखले, आणि दोघेही पुन्हा गाढ झोपले. कपडे आतच राहू दे. ही संधी साधून सविनय सादर करते की,

१. मी आणि माझी जोडीदार श्रीमती इल्का शोमोडी, आम्ही दोघींनी रविवारी शेवटची शर्यत जिंकली व एकूण गुणांत पहिल्या आलो. प्रथेप्रमाणे आम्हाला कपड्यांसकट धक्क्यावरून पाण्यात ढकलण्यात आले. आम्ही नाकातले पाणी शिंकरतो न शिंकरतो तोच आपला निर्णय जाहीर झाला, की होडी ६१ बाद. लगेच दुसरे आलेले ऑस्ट्रियाचे श्री. ओट्टोकार ग्राइनर व त्यांचे जावई यांनाही ढकलण्यात आले. एका अजिंक्यपदासाठी चार माणसे ओली झाली, आणि जावईबापूंचा तर चष्माही गेला.

२. विजेत्यांची नावे ज्या जुन्या लाकडी सुकाणूवर रंगवली जातात, ते सुकाणू येत्या शनिवारी पुढच्या यजमानांकडे डेन्मार्कला जात आहे. एकदा लागलेले नाव खरवडायचे नाही, ही आपल्या वर्गाची रीत. म्हणजे शनिवारच्या आत आमची नावे लागली तर लागली, नाही तर कायमची गेली. यास्तव घाई आहे, आणि घाईत काही कमीजास्त लिहिले गेल्यास माफी असावी.

३. झाले ते असे. शेवटच्या शर्यतीआधी वारा पडला. बालाटोन तव्यासारखे सपाट झाले. ‘किनाऱ्यावर जाऊ नये’ हे निशाण वर होते, म्हणून सगळ्या होड्या शिडे लोंबकळवत पाण्यातच थांबल्या. पण केवेची भूक वाऱ्यासाठी थांबत नाही. किनाऱ्यावर तो जो रडू लागला, तो सपाट पाण्यावरून असा ऐकू आला की फिनलंडच्या दोन होड्या सुरुवातीच्या रेषेकडे वल्हवायला लागल्या. आपल्याच नावेवर निशाणे सांभाळणारे श्री. टिहामेर नंतर मला म्हणाले, “अहो बाई, मी भोंगा तपासला. म्हटलं आपोआप वाजतोय की काय!”

४. तेव्हा माझ्या सासूबाई श्रीमती गिझेला यांनी मासेमारीची नाव काढली, केवेला नारिंगी जाकिटात गुंडाळले, सारोल्ताला पुढे बसवले आणि वल्ही मारत सरळ आमच्यापाशी आल्या. त्यांचे शब्द जसेच्या तसे देते : “घे गं बाई तुझं पोरगं! सगळा धक्का माझ्याकडे बघतोय, जसं काही मीच त्याला चिमटे काढतेय!” इल्का म्हणाली, “काकू, अजून शर्यत आहे हो.” त्यावर त्या म्हणाल्या, “शर्यत असू दे. दूध काय बोटोंडला येणार आहे?” बोटोंड हे माझे यजमान. ते त्या वेळी धक्क्यावर लांगोशच्या, म्हणजे चीज घातलेल्या तळलेल्या पुरीच्या, रांगेत होते.

५. श्री. ग्राइनर यांचा पहिला आक्षेप असा, की ही बाहेरची मदत झाली. नियम १२ म्हणतो, दोन शर्यतींच्या मधे होडीत अन्न, पाणी व कोरडे कपडे बाहेरून आणता येतील. माझे नम्र निवेदन असे, की येथे बाहेरून अन्न आलेच नाही. अन्न होडीतच होते, पहिल्या दिवसापासून. बाहेरून आला तो खाणारा. खाणारा आणू नये असे नियमात कुठेही नाही, मी पुढूनमागून दोनदा वाचले. उलट, घेण्यापेक्षा आम्ही दिलेच जास्त. होडी तेवढीच हलकी झाली असे कोणी म्हणेल, तर मापे घेणाऱ्यांनी यावे. मी तयार आहे. इल्का नाही.

६. आता गिरक्या.
(हा परिच्छेद काल येथवर येऊन थांबला, कारण केवे उठला. आज तो बागेत सासूबाईंच्या कडेवर आहे.)
नियम १९ प्रमाणे ज्या होडीने चूक केली असेल तिने स्वतःभोवती दोन पूर्ण गिरक्या घ्याव्यात, म्हणजे चूक कबूल झाली. हे मला सारोल्ताएवढी होते तेव्हापासून माहीत आहे. पण महोदय, केवेला दूध पाजून झाले की ढेकर येईपर्यंत उभे धरावे लागते आणि झोप येईपर्यंत गोल फिरवावे लागते. घरी मी स्वयंपाकघरात टेबलाभोवती फिरते. होडीत टेबल नाही. नेमकी तेव्हाच पहिली झुळूक आली, माझा एक हात सुकाणूवर होताच, आणि मी नकळत होडीच फिरवली. पहिल्या गिरकीला त्याने ढेकर दिला. दुसरीला डोळे मिटले. असे सुंदर झोपलेले मूल आपण पाहिले नसेल. कपाळावर घामाचे तीन थेंब, आणि एका कानात लांगोशवरचे किसलेले चीज, ते कसे गेले ते सारोल्ताच जाणे.
आपल्या नावेवर मात्र नोंद झाली, ‘६१ : चूक कबूल’. कोणती चूक, हे कोणी विचारले नाही. मी तरी काय सांगितले असते? दोन मुले झाल्यावर माणूस तसाही इतक्या गोष्टींची माफी मागत असतो, की गिरक्या सवयीनेच घडतात.

७. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. नियम ७ प्रमाणे तयारीचा भोंगा झाल्यावर होडीत दोन आणि दोनच माणसे हवीत. भोंगा झाला तेव्हा केवे आमच्या होडीत नव्हता व सासूबाईंच्या नावेतही नव्हता. मी त्याला देत होते, त्या घेत होत्या, आणि तो मधे, पाण्यावर, हवेत होता. भोंग्याने तो दचकून जागा झाला व त्याने हाताला आली ती वस्तू धरली. ती आमच्या मोठ्या शिडाची दोरी निघाली.
सात महिन्यांच्या मुलाची मूठ काय असते, हे ज्याने अनुभवले त्यालाच कळेल. सासूबाई ओढत होत्या, मी “सोड रे राजा, सोड रे माझ्या शहाण्या” करत होते, इल्का तळपायाला गुदगुल्या करत होती. तो हसला, पण सोडली नाही. शीड ताणले गेले आणि तिन्ही पिढ्या एकत्र पुढे सरकल्या. श्री. ग्राइनर जवळूनच ओरडले, “अहो, तुमचा तिसरा खलाशी शीड छान लावतोय!” यात कौतुक होते असा माझा समज झाला व मी “थँक्यू” म्हटले. तो आक्षेप होता, हे नंतर समजले.
सारोल्ताने त्याच्यापुढे आपल्या आधीच्या लांगोशचा उरलेला तुकडा धरला, तेव्हा दोरी सुटली.

८. श्री. ग्राइनर यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. सुकाणूवर त्यांचे नाव तीनदा आहे, एकदा सासऱ्यांबरोबर, दोनदा भावाबरोबर. सोमवारी ते खुळखुळा घेऊन घरी आले, केवेला मांडीवर घेऊन म्हणाले, “बाळ गोड आहे, पण नियम म्हणजे नियम, बाई.” त्यावर केवेने त्यांच्या टायवर दूध काढले. मी लगेच रुमाल दिला. तेही आक्षेपात धरू नये, ही विनंती.

९. पूर्वीचा दाखला म्हणून नमूद करते, की १९७४ साली डेन्मार्कचे विजेते आपला आखूड पायांचा कुत्रा घेऊन संपूर्ण शर्यत खेळले. तेव्हाच्या पंचांनी कुत्र्याला ‘साहित्य’ ठरवले व विजय कायम केला. सुकाणूवर दोन नावांखाली पंजाचा ठसा आजही आहे. तो कुत्रा शेवटपर्यंत होडीत होता, भुंकत होता. केवे तर दोरी सोडून निघून गेला.

१०. सबब माझी प्रार्थना :
(अ) गिरक्या अंगाई समजून नोंदीतून काढाव्यात व अजिंक्यपद आम्हा दोघींस परत द्यावे.
(ब) ते शक्य नसेल, तर केवेला साहित्य ठरवावे. मात्र साहित्यावर मापकाचा शिक्का लागतो, तो लंगोटावर मारावा, अंगावर नको. लंगोट वेळोवेळी बदलला जाईल, तेव्हा मापक महोदयांनी जवळपास राहावे.
(क) तेही शक्य नसेल व तो तिसरा खलाशीच ठरत असेल, तर मग त्याचे नाव आमच्या शेजारी सुकाणूवर लिहावे आणि त्यानंतर आम्हा तिघांना खुशाल बाद करावे. नाव खरवडायचे नाही, ही रीत आहेच.

११. सहा वर्षांपूर्वी सप्टेंबरात, पोलंडच्या तळ्यावर, आम्ही दोघी हेच अजिंक्यपद जिंकलो होतो. त्यानंतर मला मुले झाली आणि धक्क्यावर माझी ओळख करून देताना लोक ‘माजी विजेत्या’ म्हणू लागले, तेही हळू आवाजात, कोणी गेल्यासारखे. रविवारी पाण्यातून वर आले तेव्हा सारोल्ता धक्क्यावर उड्या मारत ओरडत होती, “माझी आई! ती ओली माझी आई!” तो ‘माजी’ शब्द त्या अर्ध्या मिनिटापुरता कोणीच उच्चारला नाही. ते अर्धे मिनिट मला परत हवे आहे, एवढेच मागणे.

उत्तराची वाट पाहणारी, आपली नम्र,
(सही)
केरेकेश बोरोका
होडी क्र. ६१
चोपाक, बुधवार, २७ ऑगस्ट

सोबत : १) सासूबाईंचे निवेदन (त्यातील शिव्या खोडल्या आहेत).
२) श्री. टिहामेर यांचा भोंग्याबद्दलचा जबाब.
३) पोलंडमधील विजयाचे छायाचित्र.

ता. क. : पाकीट बंद करताना सारोल्ता उठून आली व तिने छायाचित्र हातात घेतले. वरील सर्व मजकूर मी तिला वाचून दाखवला होता, त्यामुळे तिला नियम ७ पाठ आहे. तिने विचारले, “आई, यात मी कुठंय?” मी म्हटले, “तू तेव्हा माझ्या पोटात होतीस गं, इवलीशी. मलाही कळलं नव्हतं.” तिने होडीवर बोट ठेवून मोजले, आई एक, इल्कामावशी दोन, आणि ती थांबली.

“आई, मग त्या दिवशी तुमच्या होडीत किती जण होते?”