पिवळ्या धाग्याची कॉइल

२ फेब्रुवारी १९८७, सोमवार

बत्तीस कॉइली मेल्या! मीटर लावला तर काटा ढिम्म. वाटलं मीटरच गेला. दुसरा लावला, तेच. मग प्रभाकर सरांनी एक कॉइल कापली. आत गाठ. बारीक, सुबक, लूमवर मारतात तशी.

आमच्या शेडमधल्या चौदाही बाया आधी भिवंडीत लूमसाठी सुताच्या कांड्या भरायच्या. सूत तुटलं की गाठ मारायची न् पुढं जायचं, हाताला तेवढंच ठाऊक. इथं तांब्याची तार तुटली तरी हाताने तेच केलं. पण तारेवर लाखेसारखा थर असतो. तो खरवडून डाख दिला नाही तर वीज पलीकडे जातच नाही.

रंगूबाई म्हणाली, "गाठ तं सुटली न्हाय ना? मंग?"

सर हसले. किती दिवसांनी! मग पॉलिशपेपर घेऊन खाली बसले, एकेकीला खरवडायला शिकवलं.

मेलेल्या बत्तीस मी उसवायच्या, तार परत वापरायची. टोपली टेबलाखाली ठेवलीय. उद्या.

३ फेब्रुवारी

नाही उसवल्या. खाडीवर रेतीची होडी रुतली होती, ती काढताना बघत बसलो. संध्याकाळ झाली.

५ फेब्रुवारी

सरांनी आज मला बाजूला घेऊन सगळं समजावलं. शाळेत विज्ञान शिकवायचे तसंच, खडू नव्हता एवढंच. (मी त्यांच्याच वर्गात नववी नापास. तरी बोलावून मीटर हातात दिला. सुरत, वापी, उल्हासनगर — कुठंच सहा महिने टिकलो नाही, हे त्यांना ठाऊक आहे.)

तर असं. कंपनी परदेशी, टेपरेकॉर्डर विकते. फोर्टात स्वतःचं काचेचं दुकान. दिल्लीचा नियम आहे, इथे विकायचं तर निम्मे सुटे भाग इथलेच हवेत. कंपनी म्हणते, इथे धड ट्रान्सफॉर्मर मिळत नाही, आम्हाला बाहेरून आणू द्या. म्हणून १८ तारखेला सरकारी तपासणी. दोनशे कॉइलींतून साहेब चाळीस उचलणार. तीनपर्यंत मेल्या तर चालेल. चौथी मेली की आम्ही नापास, कंपनीला सूट.

पास झालो तर तीन वर्षांचं काम. नाही तर अंजूरची शेड बंद न् बाया परत लूमवर.

मी विचारलं, म्हणजे आपण नापास झालेलो कंपनीला हवंय? सर म्हणाले, "नामा, तू मीटर बघ."

९ फेब्रुवारी

एकशेदहा झाल्या. एकही मेली नाही. रंगूबाई तर आता खरवडलेली तार माझ्या नाकापुढे धरते — बघ, चमकते का न्हाय. सीतामावशी (माझ्या आईची बहीण) म्हणते, नामाला मुलगी दाखवतानाही एवढं कुणी तपासणार नाही.

लूमवर प्रत्येक कांडीवाली आपल्या टोपलीला आपल्या रंगाचा धागा बांधायची, म्हणजे माल कुणाचा ते मुकादमाला कळायचं. इथंही सोडलं नाही. वरचा कागद गुंडाळायच्या आधी आत धाग्याचा एक वेढा. मावशीचा पिवळा, रंगूबाईचा लाल, चंद्राचा हिरवा. सर ओरडले नाहीत. म्हणाले राहू दे, विजेला त्याचं काही नाही.

११ फेब्रुवारी

कंपनीचा खरेदीवाला आला, सुधीर साहेब. पॉलिशचे बूट, शेडमधल्या मातीतून टाचा उचलून चालत होता. टोपली बघून विचारलं, ह्या काय? मी म्हटलं, मेलेल्या. "बाहेर का ठेवल्यात अशा?" म्हणाला. मग फोर्टातल्या दुकानाच्या गोष्टी सांगत बसला — थंड हवा, काचेची कपाटं, दुरुस्तीच्या बाकावर पिवळा दिवा. ऐकत राहिलो. त्या नादात दोन कॉइली मीटरला लावायच्या राहिल्या, सरांनी लावल्या.

१४ फेब्रुवारी

टोपली तशीच. सर बोलले. उद्या नक्की.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

काय करून बसलो!

दुपारी कोन गावात कबड्डीची फायनल होती. एक तासात येतो म्हणून गेलो, तीन तास गेले. आलो तर सगळी खोकी बंद, वर कंपनीचं लाखेचं सील. टेबलाखाली टोपली रिकामी. चंद्राला विचारलं. म्हणाली, शेवटच्या खोक्यात बत्तीस कमी पडत होत्या, टोपलीतल्या भरल्या, बरोब्बर झाल्या. आज केलेल्या बत्तीस मीटर लावायच्या म्हणून मागच्या फळीवर तशाच पडलेल्या. टोपलीवर मी फुलीसुद्धा मारली नव्हती. तिला काय कळणार?

सरांकडे निघालो. नाक्यावर सुधीर साहेब चहा पीत उभा. सील मारताना तो तिथंच होता. सगळं बघितलं होतं.

"घाई कशाला करतोस?" म्हणाला. "तू काही केलं नाहीस. मी काही केलं नाही. मार्चपासून बाकावर ये. असे हात आम्हाला लागतात."

चहा प्यायलो. सरांकडे गेलो नाही.

१८ फेब्रुवारी

सरकारी साहेबांनी प्रत्येक खोक्यातून उचलल्या. मीटर माझ्याच हातात. पहिल्या सव्वीस ठणठणीत. मग शेवटचं खोकं. एक. दोन. तीन. सरांनी चष्मा काढला. चार. पाच. सहा.

साहेबांनी एक कापली, लाल धाग्याची. आत गाठ.

सर रंगूबाईकडे बघत राहिले. ती माझ्याकडे वळली.

"मी समद्या खरवडल्या ना रं, नामा? तू बघितलंस ना?"

"बघितलं," म्हटलं. तेवढंच. पुढचं वाक्य तोंडापर्यंत आलं होतं.

तपासणीच्या कागदावर माझी सही आहे.

२१ फेब्रुवारी

कंपनीचा टेम्पो आला. नापास माल तोडायला नेतो म्हणाले, भंगाराच्या भावात घेतला. एक महिन्यात अपील करता येतं. मी सरांना विचारलं, करणार? "गाठ सगळ्यांनी बघितली," म्हणाले. "कशाच्या जोरावर करू?"

२६ फेब्रुवारी

रंगूबाई परत लूमवर गेली. वाटेत भेटली, मान वळवून पुढं गेली.

३ मार्च, फोर्ट

थंड हवा आहे. पिवळा दिवा आहे. दिवसभर कॅसेटी अडकलेल्या मशीन येतात. सुधीर साहेब येता-जाता पाठीवर थाप मारतो. इथं टिकेन असं वाटतं. नाही वाटत.

१३ मार्च, शुक्रवार

एक बाई टेपरेकॉर्डर घेऊन आल्या, गेल्याच आठवड्यात इथूनच घेतलेला. बटणांचा पट्टा अडकला होता. डब्यावर छापलंय, आतले सर्व भाग परदेशी. पाठ उघडली. पट्टा सुटला. बंद करणार, तेवढ्यात ट्रान्सफॉर्मरचा कागद ओळखीचा वाटला. त्याची कडा नखाने उचलली.

पिवळा धागा. एक वेढा.

मशीन लावून बघितली. मस्त वाजत होती.

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मागच्या फळीवरच्या नव्या मशीन उघडल्या. चौथीत हिरवा. सातवीत लाल — रंगूबाईचा. म्हणजे तोडायला नेलेल्या कॉइली तोडल्याच नाहीत. चांगल्या तेवढ्या निवडून बसवल्या. बाहेरून आणायची सूटही मिळाली न् आमच्या बायांची कॉइलही.

लाल धाग्याची मशीन मी माझ्या पगारातून विकत घेतली. पावती घेतली, तारखेसकट.

१४ मार्च, अंजूर

मध्ये कुठं उतरलो नाही.

सर, अपिलाला अजून चार दिवस आहेत. मशीन आणि पावती पिशवीत आहेत. ही वही सतरा फेब्रुवारीपासून वाचा. आणि रंगूबाईला तुम्हीच सांगा — नाही, मी सांगतो.