चिकूला उपास चालत नाही

गुरुवार, संकष्टी. रीडिंग, इंग्लंड.

आज चिकूचं रक्त तपासलं. त्याआधी चार तास त्याला उपाशी ठेवायचं होतं. माझा उपास मी आपणहून धरलेला, पण त्या मुंगसासारख्या फेरेटला कोण समजावणार? रिकामं भांडं चाटून माझ्याकडे बघत होता. मागचे पाय लटपटत होते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, स्वादुपिंडात कॅन्सरची गाठ असावी, त्यामुळे साखर फार उतरते. माझी चढते, याची उतरते! मी विचारलं, गूळ देऊ का? नातीने, मीराने, इंग्रजीत सांगितलं. बाई घाईने नको म्हणाल्या. गोडाने साखर चढते आणि मग आणखीच कोसळते. थोड्या थोड्या वेळाने मांस भरवायचं, गोळी द्यायची. ऑपरेशन करायचं का, ते सोमवारी कळवायचं. एवढासा जीव, भूल सोसेल? पण नुसत्या गोळ्यांनी गाठ जाणार नाही म्हणे. मग काय करावं?

घरी मीरा म्हणाली, "आजोबा, उपासाला चिकन टच नका करू. मी देते."

तिच्या हातून खाईना. माझ्या बाहीत शिरला.

"बघा, लाडोबा तुमचा!"

जन्मात मांसाला हात लावला नव्हता. आज बोटावर घेतलं. देवा, रागावू नकोस. त्याने बोट चाटून साफ केलं. पाय अजून लटपटतातच.

मीरा आत्ता सांगून गेली, चंद्रोदय झाला, पान वाढलंय. पण चिकू मांडीवर झोपलाय. जेवण थांबेल.